कौशल्य कोणाचे, शिक्का कोणाचा?

परदेशातल्या नोकरीविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर अभिमानाचा : आमचा मुलगा अमेरिकेत आहे, लंडनमध्ये आहे. दुसरा सूर हळहळीचा : देशाची बुद्धी परदेशी वाहून चालली. हे दोन्ही सूर एकाच आळीतून येतात. आपल्या वस्तीतला माणूस मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात गेला, आखातात विटा वाहायला गेला, तेव्हा देशाची बुद्धी गेली असे कोणी म्हटले नाही. त्याच्या जाण्याने अभिमान वाटला नाही, हळहळही वाटली नाही. म्हणून परदेशी नोकरीच्या परवान्याचा इतिहास आपण आपल्या बाजूने एकदा वाचला पाहिजे. आज तो वाचण्याची निकड अशी, की आपल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या पदवीधर मुली-मुलांच्या हातात आता हेच अर्ज आले आहेत. परिचारिका, संगणकाचे अभियंते, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर मला विचारतात, "सर, स्पॉन्सर म्हणजे नेमके काय?" मी इतिहास शिकवतो. या प्रश्नाचे उत्तर वकिलाइतकेच इतिहासातही आहे असे मला वाटते.

आधी व्यवहार समजून घेऊ. ज्याला नोकरीचा व्हिसा म्हणतात त्यात पहिला अर्जदार कामगार नसतो, मालक असतो. ब्रिटनमध्ये मालकाने प्रथम सरकारकडून परवाना घ्यायचा, मग त्या परवान्यावर विशिष्ट माणसासाठी, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट पगाराचे स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र द्यायचे. त्या प्रमाणपत्राचा क्रमांक हाती आल्यावरच कामगाराचा अर्ज सुरू होतो. अमेरिकेतल्या एच-वन-बी व्हिसासाठी मालक आधी तिथल्या कामगार खात्याकडे वेतन व कामाच्या अटींबाबत निवेदन करतो, नंतर परदेशी नागरिकांच्या खात्याकडे विनंतीअर्ज करतो. म्हणजे पदवी माझी, अनुभव माझा, परंतु दारात उभे राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या सहीतून येणार. आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे : जामीन. आणि जामीन लागणारा माणूस कायद्याच्या नजरेत कधीच पुरता मोकळा नसतो.

हा जामीन आला कोठून? ब्रिटिश साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि त्याच वर्षापासून मॉरिशसच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेण्याची व्यवस्था रूढ झाली. पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी गिरमिट झाले. मराठी माणसेही मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली. त्यांची वंशपरंपरा तिथे आजही मराठी म्हणवते. साधारणतः पाच वर्षांचा करार, एकच मळा, एकच मालक. परवानगीशिवाय मळ्याबाहेर जाणे किंवा कामावर गैरहजर राहणे हा गुन्हा. फिजीला जाणाऱ्याच्या पासावर नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव यांबरोबर जातीचा रकाना होता. त्या रकान्यांत चर्मकार, पासी अशा जातींची नोंद ठिकठिकाणी आढळते. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो असे सांगणाऱ्यांना या लोकांचा धर्म बुडण्याची चिंता नव्हती. आणि जाणाऱ्यांपैकी अनेकांना गाव मागे टाकण्यात काही गमावल्यासारखे वाटले नसेल, हेही आपण समजू शकतो.

गिरमिटाविरुद्ध देशात चळवळ झाली, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० च्या सुरुवातीस फिजीतले उरलेले करार रद्द झाले. हा विजय खराच होता. परंतु त्याच्या पाठोपाठ आलेला १९२२ चा भारतीय परदेशगमन कायदा नीट वाचला पाहिजे. या कायद्याने परदेशी जाणाऱ्या श्रमाचे दोन भाग केले : कुशल काम आणि अकुशल काम. अकुशल कामासाठी जाणे बेकायदा ठरले. सरकारने अधिसूचना काढून मोकळ्या केलेल्या देशांपुरताच अपवाद. कुशल कामासाठी मात्र परवानगी घेऊन नेता येत असे. आता कुशल काम म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येत कारागीर होते, कारकून आणि दुकानातले नोकर होते, प्रदर्शने व करमणुकीच्या खेळांतली माणसे होती, उपाहारगृहातली चाकरी होती आणि घरकामही होते. शेती मात्र अकुशल.

ही यादी मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो तेव्हा वर्गात हसू होते. कपबशा विसळणारा कुशल आणि पावसाचा अंदाज घेऊन पेरणी करणारा, बियाणे राखणारा, बैल ओळखणारा अकुशल! पण हसून विषय संपत नाही. या यादीतून एक गोष्ट कायमची ध्यानात घ्यावी. कौशल्य हा हाताचा किंवा डोक्याचा गुण असला, तरी 'कुशल' हा शिक्का सरकारी असतो. तो कोणाला मारायचा हे त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांची गरज ठरवते. आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. कातडे कमावणे हे रसायनशास्त्र आहे, परंतु ते करणाऱ्याला कोणी कुशल म्हटले नाही, अपवित्र म्हटले. गवई कुशल, पण ज्याच्या हलगीशिवाय गावाचा सण होत नाही तो कुशल नाही. माझे वडील गवंडीकाम करीत. ओळंबा न लावता भिंत किती झुकली आहे हे त्यांना कळत असे. त्या ज्ञानाचा एकही कागद आमच्या घरात नाही. आजच्या व्हिसाच्या अर्जाला पुरावा लागतो तो कागदाचा : पदवी, पगारपत्रक, अनुभवाचे प्रमाणपत्र. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागद मिळू दिला नाही त्यांचे कौशल्य सिद्ध तरी कसे व्हावे?

स्वातंत्र्यानंतर काय झाले? ब्रिटनच्या १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जाण्या-राहण्याची मुभा कायम ठेवली. म्हणजे १९६२ पर्यंत तिकडचे दार कायद्याने उघडे होते. तरीही गरीब, अशिक्षित माणसाला जाणे कठीण होते, कारण कुलूप इकडच्या बाजूने होते. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. शिक्षण नाही, पैसा नाही, इंग्रजी येत नाही अशा माणसाला पासपोर्ट नाकारण्याचे धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारने अनेक वर्षे चालवले. देशाची अब्रू जाऊ नये, 'कुली' ही जुनी ओळख पुन्हा चिकटू नये, हे त्यामागचे कारण. अब्रू राखण्याची ही रीत आपण ओळखतो. पाहुणे येणार म्हटले की वस्तीपुढे पडदा लावायचा, वस्ती सुधारायची नाही! १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने निर्णय दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला केवळ मर्जीने पासपोर्ट नाकारता येणार नाही. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. बाबासाहेबांच्या घटनेने एक दार उघडले ते असे, आणि याची आठवण आपल्या सभांतून क्वचितच निघते.

परंतु तोवर पलीकडचे दार मिटू लागले होते. १ जुलै १९६२ पासून ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या कामगारांसाठी व्हाउचर सुरू केले. त्याचे तीन वर्ग होते. 'अ' वर्ग : ज्यांना ठरावीक मालकाने ठरावीक नोकरी देऊ केली आहे ते, इथे अर्ज मालकाचा. 'ब' वर्ग : ज्यांच्याकडे ब्रिटनला उपयोगी शिक्षण किंवा कौशल्य आहे ते. 'क' वर्ग : बाकीचे सगळे, त्यात महायुद्धात लढलेल्यांना अग्रक्रम. या वर्षांच्या आगेमागे पंजाबातले रविदासी आणि वाल्मीकी समाजाचे लोक वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड अशा गावी पोचले, ओतकामाच्या भट्ट्यांवर आणि कारखान्यांत राबले, आणि त्यांनी तिथे आपली मंदिरे व बाबासाहेबांच्या नावाच्या संस्था उभ्या केल्या. मग पहिला घाव पडला तो 'क' वर्गावरच. १९६४ च्या उत्तरार्धापासून त्या वर्गाची व्हाउचरे देणे थांबले आणि ऑगस्ट १९६५ च्या श्वेतपत्रिकेने तो वर्ग रद्दच केला. वर्षाला एकूण ८,५०० व्हाउचर, त्यांतली १,००० माल्टासाठी राखीव. उरले डॉक्टर, शिक्षक, विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदवीधर आणि मालकाने बोलावलेले. १९७१ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९७३ पासून व्हाउचरही गेले आणि मालकाच्या नावाशी बांधलेला कामाचा परवाना आला. १९२० पासून ही पद्धत परक्या देशांच्या नागरिकांना लागू होती. ती आता साम्राज्याच्या जुन्या प्रजेलाही लागू झाली.

अमेरिकेची कथा निराळी, पण शेवट तोच. तिथल्या १९६५ च्या कायद्याने वंशानुसार ठरवलेले देशवार कोटे काढून टाकले आणि शिकलेल्या आशियाई माणसाला वाट मिळाली. या वाटेने प्रथम कोण गेले? ज्यांच्याकडे अभियांत्रिकीची व वैद्यकीची पदवी आधीच होती ते. आयआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा सुरू झाल्या त्या १९७३ साली. म्हणजे अमेरिकेचे दार उघडल्यानंतर आठ वर्षांनी. या आठ वर्षांत सरकारी पैशाने शिकून जे गेले त्यांनी तिथे पाय रोवले, कंपन्यांत वरच्या जागा मिळवल्या, आणि पुढे १९९० च्या कायद्याने एच-वन-बी हा व्हिसा वर्षाला ६५,००० च्या मर्यादेसह आला तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत ते बसले होते. आता ते सांगतात की आम्ही केवळ गुणवत्तेवर आलो. गुणवत्ता होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या गुणवत्तेला आठ वर्षांचा, आणि त्याआधी कित्येक शतकांचा, आगाऊ हप्ता मिळाला होता, एवढे तरी त्यांनी मान्य करावे.

शिक्का सरकारी असतो असे मी म्हटले त्याचा ताजा दाखला ब्रिटनचाच घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्ध व आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या मदतनिसांचे काम व्हिसासाठी पात्र ठरवण्यात आले, कारण तिथे माणसे मिळत नव्हती. कर्जे काढून, दागिने मोडून हजारो बाया-माणसे गेली. कायद्याने मालकाने भरायचे पैसे अनेक ठिकाणी दलालांनी त्यांच्याकडूनच उकळले. काही मालकांकडे काम नव्हतेच. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारने शुश्रूषा क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. त्यांच्याशी ३९,००० हून अधिक कामगार जोडलेले होते. गुन्हा मालकाचा, पण देश सोडण्याची टांगती तलवार कामगारावर, कारण परवाना गेला की साधारण साठ दिवसांत नवा मालक शोधायचा असतो. मग २२ जुलै २०२५ पासून परदेशातून अशा मदतनिसांची नवी भरतीच बंद झाली, कुशल कामाची पायरी पदवीच्या पातळीवर नेली गेली आणि सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली. माणसाला कुशीवर वळवणारे हात तेच. २०२२ मध्ये ते पात्र होते, २०२५ मध्ये अपात्र. अमेरिकेतही सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लादण्याची घोषणा झाली. तिथेही नोकरी सुटली तर साठ दिवसांचीच सवलत.

इथे मला महार वतनाची आठवण होते. वतनाने माणूस गावाशी आणि गावकीशी बांधलेला होता. बलुते, बिदागी, चार बिघे जमीन यांच्या मोबदल्यात चोवीस तासांची चाकरी. चाकरी नाकारली की पोट जाई, घरही जाई. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा आपल्यातलेच काही लोक वतन सुटले तर खाणार काय म्हणून घाबरले होते. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. व्हिसा म्हणजे वतन नव्हे. व्हिसावर गेलेला माणूस स्वेच्छेने गेलेला असतो, रोख पगार घेतो, मुलांना शिकवतो, परत येऊ शकतो. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून घोषणा देणे मला मान्य नाही. परंतु राहण्याचा हक्क आणि मालकाची मर्जी यांची गाठ जिथे मारली जाते तिथे माणूस तक्रार करायला कचरतो, हा वतनाने शिकवलेला धडा इथेही खरा ठरतो.

आणि मालकाच्या किंवा वरिष्ठाच्या ठायी जात असेल तर? ब्रिटनमधल्या तिर्की खटल्यात आदिवासी पार्श्वभूमीच्या एका भारतीय घरकामगार बाईने आपल्या भारतीय मालकांविरुद्ध दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितले की जात ही वांशिक मूळ या कल्पनेत बसू शकते. २०१५ मध्ये तिला किमान वेतनाच्या फरकापोटी १,८३,००० पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. तरीही २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने समतेच्या कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करायचे टाळले. अमेरिकेत जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळे वागवले. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा खात्याने मागे घेतला. परंतु या प्रकरणाने जात हा शब्द अमेरिकन कचेरीत उच्चारला गेला. २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही राज्यपालांनी परत पाठवले.

बाबासाहेबांचे उदाहरण इथे पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. हेही एक प्रकारे पुरस्कर्त्याचे बंधनच. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. पुरस्कर्ता उदार होता, पद मोठे होते, पदवी जगातल्या नामांकित विद्यापीठाची होती. पण राहायला घर मिळाले नाही, आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. जामीनदार भला असणे पुरेसे नसते. जामीन लागणाऱ्या माणसाच्या मागे हक्क उभा असावा लागतो. बाबासाहेबांचे पुढचे सारे आयुष्य हा हक्क उभा करण्यात गेले.

मग आपल्या मुलांनी जाऊ नये काय? जरूर जावे. गाव सोडा असे सांगणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. जो गेला त्याच्या घरी पक्की भिंत आली, बहिणीचे शिक्षण झाले, हे मी डोळ्यांनी पाहतो. परंतु जाताना कायदा खिशात घेऊन जावे. ब्रिटिश सरकार परवानाधारक मालकांची यादी प्रसिद्ध करते. दलालाला एक पैसा देण्याआधी ती पाहावी. आपल्या परराष्ट्र खात्याकडे नोंदलेल्या भरती-दलालांची यादीही पाहता येते. स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र विकत घेण्याची वस्तू नाही. कोणी किंमत सांगितली की तिथेच उठावे. पासपोर्ट मालकाच्या हाती ठेवू नये. करारात लिहिलेले काम, तास आणि पगार यांची नक्कल घरी ठेवून जावे. आणि पोचल्यावर आधी कामगार संघटना शोधावी, मग आपल्या जातीचे मंडळ.

चळवळीपुढचा प्रश्न याहून मोठा आहे. गाठ सैल करता येते, हे इतिहासाने दाखवले आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून मालक सुटल्यावर नवा मालक शोधायला एका वेळी १८० दिवसांची मुदत दिली. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. यांपैकी काहीही दयेने झाले नाही. जगभरच्या कामगारांच्या रेट्याने झाले. आपल्या देशातही जानेवारी २०१८ मध्ये दहावी न झालेल्या कामगारांना नारिंगी रंगाचे वेगळे पासपोर्ट देण्याचा निर्णय जाहीर झाला होता. विरोध झाला आणि महिना संपण्याआधी तो मागे घेतला गेला. माणसाचे शिक्षण त्याच्या पासपोर्टच्या कव्हरावर रंगवण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना रकान्यांचा हा इतिहास ठाऊक नसावा किंवा चांगलाच ठाऊक असावा.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. परदेशात : व्हिसा कामगाराच्या नावाने असावा, मालक बदलण्याचा हक्क असावा आणि भेदभावाच्या कायद्यात जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला असावा. आणि इथे : गवंडी, चर्मकार, वायरमन, वेल्डर, दाई, सफाई कामगार यांच्या हातातल्या विद्येला परीक्षा घेऊन, फी न घेता, जगात चालेल असे प्रमाणपत्र मिळावे. परदेशी जाणाऱ्या एकासाठी ते उपयोगी पडेल. न जाणाऱ्या नव्याण्णवांना ते इथल्या मुकादमासमोर मजुरीचा दर सांगताना उपयोगी पडेल. आपल्या समाजाला कौशल्य कोणी द्यायचे नाही, ते आहेच. त्यावर शिक्का मारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याशी हा झगडा आहे.